उभ्या बसमधला वर्ग

आमच्या कंपनीची कर्वेनगरची बस सकाळी सव्वानऊला हिंजवडीत पोचते आणि संध्याकाळी सहाला परत निघते. मधला सगळा दिवस ती पार्किंगच्या मैदानात उभी असते, तिच्यासारख्याच आणखी तीसेक बसच्या रांगेत. अकरा वर्षं मी त्याच बसने जात होते, पण तिचा ड्रायव्हर दिवसभर काय करतो हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आपण उतरलो की बस संपली, असंच मी धरून चालले होते.

एके सकाळी मी सगळ्यांच्या शेवटी उतरत होते. ड्रायव्हरकाकांनी मोबाइल पुढे केला.

"मॅडम, हे काय म्हणतायत तेवढं सांगता का?"

ट्रान्सपोर्ट विभागाचा इंग्रजी मेसेज होता. तीन नंबरचं गेट आठवडाभर बंद, गाड्या पाच नंबरला लावाव्यात. काका आदल्या संध्याकाळी तीन नंबरलाच जाऊन उभे राहिले होते आणि चाळीस माणसं पाच नंबरला ताटकळली होती. मीही त्यातच होते आणि मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनावले होते.

"काल लई झापलं तिथल्या साहेबांनी," काका म्हणाले. "वाचता येत नाय का, म्हणाले. येत नाय, म्हणून सांगितलं."

त्यांच्या आवाजात लाज नव्हती की तक्रार नव्हती. पन्नाशी ओलांडलेले, पुण्याजवळच्या मांजरी गावचे, सातवी शिकलेले. मराठी पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. इंग्रजी अक्षरं ओळखायचे ती नंबरप्लेटवरून, म्हणजे फक्त मोठी.

माझं पोटच इंग्रजीवर. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी मी माहितीपुस्तिका लिहिते. वाचणारा कुठेही अडखळणार नाही असं लिहिणं हे माझं काम, असं निदान मी मुलाखतीत सांगितलं होतं. म्हणून सहज बोलून गेले, "मी शिकवीन की तुम्हाला. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत येते."

मंगळवारी गेले तर बसमध्ये सहा जण. काकांसह पाच ड्रायव्हर आणि गेटवर महिलांच्या बॅगा तपासणाऱ्या सिक्युरिटीतल्या ताई. ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आमच्या घरी संध्याकाळी बुद्धवंदना झाली की वडील सगळ्या भावंडांना अभ्यासाला बसवायचे. नववीत लग्न झालं, तिथं राहिलं माझं. म्हणून आले." चार ड्रायव्हर प्रवाशांच्या सीटवर अवघडून बसले होते. काका मात्र स्वतःच्याच सीटवर, स्टिअरिंगकडे पाठ करून. आपल्या गाडीत प्रवासी म्हणून बसणं त्यांना पटत नव्हतं.

मी लहान मुलांचं गोष्टींचं पुस्तक नेलं होतं. एक ससा, त्याचं गाजर, मग ससा गाजर खातो. दोन पानं झाली आणि मागून एक ड्रायव्हर अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, हे ससा-गाजर आमच्या नातवाचं झालं. आमचं काही हाय का?"

सगळे हसले, मीही हसले. पण ऑफिसकडे परत चालताना ते लागलं. ज्या माणसांच्या हातात आम्ही रोज आपला जीव देतो, त्यांच्या हातात मी गाजर ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून मी पहिली गोष्ट लिहिली. आठ वाक्यांची. आमच्या घरी कौतुकाची पद्धत नाही. नवरा वाचून म्हणाला, "छान. आता शाळेची प्रार्थना तेवढी हॉर्नवर घ्या."

गोष्टीत एक बस होती, ती लाल होती. ड्रायव्हरला बसमध्ये एका बाईंची पर्स सापडते आणि तो ती परत करतो. वर्ग मंगळवार-गुरुवार ठरला. महिनाभर लहान अक्षरं गिरवून झाल्यावर एका गुरुवारी सगळ्यांनी ती अडखळत, बोट लावून वाचली. शेवटच्या वाक्यानंतर सगळ्यांनी कागद उलटून पाहिला.

"संपली?" एकाने विचारलं.

"संपली."

"पर्स सापडली, परत केली. यात गोष्ट कुठाय?"

दुसरा म्हणाला, "आमच्याकडं पर्स हरवली की आधी आमच्यावरच संशय येतो, मॅडम. ते लिवा."

मी ते लिहिलं. नव्या गोष्टीत बाई ड्रायव्हरवर आळ घेतात, मग पर्स त्यांच्याच डब्याच्या पिशवीत सापडते. पुढे त्या माफी मागतात का, हे मी लिहिलं नाही, वर्गालाच विचारलं. पाऊण तासाची सुट्टी त्या वादात गेली. शेवटी ठरलं की बाई माफी मागत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी चढताना ड्रायव्हरकडे बघून गुड मॉर्निंग म्हणतात. असंच होतं, असं पाचही जणांचं म्हणणं पडलं. ते वाक्य त्या दिवशी प्रत्येकाने न अडखळता वाचलं. अकरा वर्षांत मी किती वेळा गुड मॉर्निंग म्हटलं होतं, हे मी त्यांना विचारलं नाही.

त्यानंतर मी पद्धत बदलली. आधी त्यांच्याकडून मराठीत ऐकायचं, मग मोजक्या इंग्रजी शब्दांत लिहायचं. वाक्य लहान. नवा शब्द आला की तो त्याच गोष्टीत चारपाच वेळा परत यायला हवा, म्हणजे दुसऱ्यांदा दिसेल तेव्हा अनोळखी वाटणार नाही. आणि खोटं काही खपणार नाही. एका गोष्टीत मी विनोदासाठी खुर्चीत डुलक्या घेणारी गार्डबाई घातली होती. ताईंनी कागद माझ्या हातात परत दिला.

"बारा तास उभी असते मी, मॅडम. तिथं खुर्चीच नाही. झोपणार कशावर?"

मी तिथल्या तिथे ते वाक्य खोडलं. गोष्ट आणखी चांगली झाली.

सगळ्यांत पुढे होते काका. दिलेली गोष्ट पुढच्या वेळी घडाघडा वाचायचे. मी ऑफिसात त्यांची उदाहरणं देत हिंडत होते. पण हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वाचताना त्यांची नजर कागदावर स्थिर असायची, ओळीवरून सरकत नसायची.

मी एक युक्ती केली. आज आठवलं तरी तोंड कडू होतं. लाल बसची जुनी गोष्ट मी पुन्हा छापली, पण बस पांढरी केली. काकांना सगळ्यांसमोर वाचायला सांगितलं.

"द बस इज रेड," काकांनी खणखणीत वाचलं.

शेजारचा ड्रायव्हर पुटपुटला, "काका, व्हाइट हाय तिथं."

काकांनी कागद खाली ठेवला. कुणी हसलं नाही, आणि म्हणूनच ते जास्त वाईट झालं. पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत. बस त्यांचीच, वर्ग त्यांच्याच बसमध्ये. दार उघडून देऊन ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. गुरुवारीही तसंच.

शुक्रवारी मी कर्वेनगरच्या थांब्यावर वीस मिनिटं आधी गेले. तो पहिला थांबा, त्यामुळे बस रिकामी होती. काका पुढची काच पुसत होते.

"काका, मी चुकले. तुमची परीक्षा सगळ्यांसमोर घ्यायला नको होती."

"तुमचं नाय चुकलं." त्यांचा हात थांबला नाही. "मी पाठ करत होतो. सून घरी वाचून दाखवायची, मी ऐकून ठेवायचो. बाकीच्यांना यायला लागलं. त्यांत मी सगळ्यांत जुना. मागं राहिलो तर बरं दिसत नाय."

"पण अख्खी गोष्ट एकदा ऐकून पाठ होते तुमची?"

"तीस वर्षं रस्ते पाठ केले, मॅडम. आठ ओळींचं काय घेऊन बसलात."

मी म्हटलं, "मग आता तुमची गोष्ट सांगा. तुम्हाला येतात त्याच शब्दांत मी ती लिहीन. फक्त सुनेला दाखवायची नाही."

ते बराच वेळ काच पुसत राहिले. पुसण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. मग बोलायला लागले.

मांजरीला त्यांच्या वडिलांचा ऊस होता. भावकीने मिळून जमीन इमारतींसाठी दिली. शेवटचा ऊस तोडला, भोवती कुंपणाचे पत्रे उभे राहिले, काम सुरू झालं. पण मधल्या एका पट्ट्यात खोडातून ऊस पुन्हा फुटला, कुणी न लावता. वडील रोज पत्र्याच्या फटीतून आत जाऊन बादलीने त्याला पाणी घालायचे. साइटच्या वॉचमनने त्यांना हटकलं, एकदा दंडाला धरून बाहेर काढलं. तरी ते जात राहिले. पुढे एक दिवस त्याच वॉचमनने साइटचा पाइप ओढत आणून त्यांच्या हातात दिला. वॉचमन बिहारचा, त्याच्याही घरी ऊस. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. तो पट्टा तयार झाला तेव्हा वडिलांनी तोडून सगळा ऊस बांधकामावरच्या मजुरांना वाटला.

"एवढंच हाय," काका म्हणाले. "यात गोष्ट हाय का बघा तुम्ही."

ती लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या. बावीस वाक्यं झाली. फादर, फील्ड, वॉटर हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. नवा एकच होता, ऊस.

मंगळवारी काका वर्गात आले, आपल्या सीटवर बसले आणि कागद गुडघ्यावर ठेवून बोट लावून वाचू लागले. या वेळी घडाघडा नाही. एकेक शब्द जड सामान उचलावं तसा. मधे थांबत, मागे जात. डबे उघडे होते, पण कुणी जेवत नव्हतं. वॉचमन आला ते वाक्य आलं. तो लांबच्या गावाहून आला, असं मी लिहिलं होतं. काका अडले.

"फ्रॉम," मी हळूच सांगितलं.

काकांनी मान हलवली. पुन्हा बोट ठेवलं. "नाय, मॅडम."

"फ्रॉम आहे ते, काका. फ्रॉम अ व्हिलेज."

"एफ, ओ, आर, एम," ते म्हणाले. "फॉर्म. आपण भरतो तो फॉर्म. फ्रॉम नाय."

मी उठून त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. टाइप करताना माझी दोन अक्षरं उलटसुलट झाली होती. बिनचूक लिहिण्याचा पगार घेणारी मी, माझीच चूक मला दिसली नव्हती. त्यांनी ती पकडली होती, मी स्वतः दोनदा चुकीचं सांगूनही. आणि ती पकडायची तर कागदावरची अक्षरंच वाचावी लागतात, दुसरा काही उपाय नसतो. माझ्या चुकीचा मला आयुष्यात एवढा आनंद कधी झाला नाही.

ताई मागून म्हणाल्या, "वाचतायत काका." काकांनी उरलेली वाक्यं वाचली, तेव्हा सुट्टी संपून दहा मिनिटं झाली होती आणि माझ्या साहेबांचे दोन फोन येऊन गेले होते.

त्यानंतर काकांना दिसेल ते वाचायचा नाद लागला. टायरवरचा मजकूर, बिस्किटांचा पुडा, मेट्रोच्या कामाचे फलक. आणि एक दिवस त्यांनी डॅशबोर्डच्या खणातून एक गुळगुळीत पुस्तिका काढली. बसचालकांसाठी सुरक्षिततेच्या सूचना, इंग्रजीत, कंपनीने प्रत्येक बसमध्ये ठेवलेली.

"हे कुणी लिवलंय, मॅडम? वाक्य सुरू झालं की पानाच्या शेवटापर्यंत थांबतच नाय. अशी गाडी चालवली तर आमचं लायसन जाईल."

मी पुस्तिका हातात घेतली, पण ओळखायला हातात घ्यायची गरज नव्हती.

"मी लिहिलंय, काका. सहा वर्षांपूर्वी. बक्षीस मिळालं होतं त्याला."

काकांनी पुस्तिकेचं पान बोटांत चोळून पाहिलं. मग म्हणाले, "कागद चांगला हाय."

ती पुस्तिका आम्ही सातजणांनी नव्याने लिहिली. तीन महिने लागले. एका पानावर मराठी, समोरच्या पानावर सोपं इंग्रजी. मी वाक्य मांडायचे, ते खोडायचे. आग लागल्यास प्रवाशांना शांत ठेवावे, असं मी लिहिलं होतं. ताई म्हणाल्या, "शांत राहा म्हटल्यावर कुणी शांत होतं का? आधी दार उघडा म्हणून लिहा." ते पहिलं वाक्य झालं. शेवटच्या पानावर मी वाचून दुरुस्त करणाऱ्यांची सहा नावं घातली. वरून निरोप आला, ड्रायव्हर आणि गार्डची नावं छापायची पद्धत नाही. मी कळवलं की मग माझंही नाव काढा आणि पुढचं कामही दुसऱ्या कुणाला तरी द्या. आठवडाभर कुणी उत्तर दिलं नाही. मग पुस्तिका छापून आली. सहाही नावं होती, माझ्या नावाच्या वर.

मी आजवर पुस्तिका पुष्कळ लिहिल्या, त्यातल्या काही परदेशात वापरतात. पण घरी आलेल्या पाहुण्यांना मी दाखवते ती हीच, आणि नवऱ्याने कितीही डोळे फिरवले तरी दाखवते.

आता वर्गात नवे आठ जण आहेत. गोष्टी पस्तीस झाल्या आहेत. मंगळवार माझा आणि गुरुवार काकांचा. गुरुवारी मी मागच्या सीटवर डबा खात बसते. परवा एक नवा ड्रायव्हर एका शब्दावर अडला, कपाळाला घाम आला त्याच्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी न बघताच माझ्याकडे हात केला.

"थांबा, मॅडम. सांगू नका. येतंय त्याला."

आम्ही सगळे थांबलो.