बाईंनी न पाहिलेली दरी

शकुंतला जोगदंड बाईंचं नाव मी सगळ्यात आधी लिहितो. त्या नसत्या तर मी आज सेलूच्या बसस्टँडसमोर वडिलांच्या सायकलच्या दुकानात बसलेलो असतो, आणि मला खात्री आहे, पंक्चरसुद्धा धड काढत नसतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढं गेलं नव्हतं. बाई हायस्कूलला भूगोल शिकवायच्या. माझं कॉलेज, भूशास्त्रातली एमएस्सी, अमेरिकेचे अर्ज, प्रत्येक वेळी त्या दुकानातल्या लाकडी स्टुलावर येऊन बसल्या आणि वडिलांशी भांडल्या. वडील म्हणायचे, "बाई, दगडच बघायचेत तर एवढं लांब कशाला? आपल्या दुधना नदीत काय कमी आहेत?" बाई म्हणायच्या, "दुधनेतले त्याचे पाठ झालेत."

मी निघालो तेव्हा सेलूच्या स्टेशनवर दुपारच्या गाडीला तिघंच आले होते. आई रडत नव्हती, सूचना देत होती. "पोचलास की आधी बाईंना फोन कर, मग आम्हाला." वडील बॅगेचं चाक फिरवून बघत होते, बेअरिंग बरं नाही म्हणत होते. गाडी दिसायला लागल्यावर बाई जवळ आल्या. म्हणाल्या, "हिमनदीची दरी मी जन्मभर न बघता शिकवली. तिकडं कुठं असली तर मला बोलव. एकदा डोळ्यांनी बघायचीय."

त्या ती कशी शिकवायच्या हे इथल्या कुणाला सांगून खरं वाटत नाही. भर एप्रिलमध्ये त्यांनी बर्फाच्या कारखान्यातून लादी मागवली होती. तिच्या पोटाला वाळू आणि खडे चिकटवले आणि मैदानातल्या ओल्या मातीवरून आम्हाला ती ओढायला लावली. लादी गेली तिथं रुंद, गोल तळाची खाच पडली. "नदी कापते ती दरी इंग्रजी व्हीसारखी. हिमनदी खरवडत जाते, तिची यूसारखी. लक्षात राहील?" लक्षात राहिलं. नंतर आम्ही ती लादी फोडून वाळूसकट खाल्ली, तेही लक्षात आहे.

आज मी तशाच एका दरीत राहतो. कोलोरॅडोतल्या डोंगरांमधलं हे स्कीचं गाव आहे. बांधकामाआधी डोंगराचा उतार धरून राहील की सरकेल, हे तपासायची माझी नोकरी. मी या गावाचा आभारी आहे, आणि याच गावानं मला पुरतं वैतागून सोडलेलं आहे.

वैताग गावाचा कमी, गावाविषयीच्या फोनचा जास्त. सेलूहून वडील विचारतात, "तिथं पॉइंट किती आहेत?" त्यांच्या लेखी डोंगरातलं गाव म्हणजे महाबळेश्वर, आणि महाबळेश्वर म्हणजे सनसेट पॉइंट, एको पॉइंट आणि परतीची बस. उन्हाळ्यात इथल्या रोपवेच्या पाळण्यांना सायकली टांगून लोक वर जातात आणि उतारावरून खाली येतात, हे सांगितलं तर ते म्हणाले, "सायकल असून पाळण्यात बसतात? मग सायकल कशाला घेतली?"

न्यू जर्सीची आणि ओहायोतल्या डब्लिनची मराठी मंडळी त्याहून अवघड. "यार, तुझं काय, रोजच व्हेकेशन!" म्हणत हिवाळ्यात येतात. भाड्याचे स्कीचे बूट घालतात, लहान मुलांच्या उतारावर एकदा पडतात, फोटो काढतात आणि उरलेला वेळ माझ्या स्वयंपाकघरात मॅगी करतात. कोथिंबीर संपली की मला विचारतात, इंडियन ग्रोसरी कुठे? डोंगराखाली, डेन्व्हर शहरात. बर्फ पडून घाट बंद झाला की तीही नाही. बर्फातले लांब पायी रस्ते, गोठलेलं तळं, जूनमधली फुलं, सप्टेंबरात पिवळी होणारी अॅस्पेनची झाडं, यातलं काही बघायला कुणाला वेळ नसतो. मीही आता त्यांना वडिलांच्या भाषेत पॉइंटच सांगतो.

बाईंना मात्र सगळं बघायचं होतं. गेल्या वर्षी त्या सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला मुलाकडे आल्या. अमोलदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, शाळेपासून ओळखीचा. मला वाटलं, आता काय, दोन आठवड्यांत बाई माझ्याकडे. कसलं काय. जूनमध्ये इरा, म्हणजे दादाची मुलगी, हिचा समर कॅम्प. जुलैत तिकीट काढलं, तर ऑफिसात काहीतरी कोसळलं आणि दादानं कॅन्सल केलं. ऑगस्टमध्ये माझ्याकडे वणव्याचा धूर. मधल्या काळात नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, आयसेलिनच्या देशी दुकानांत साड्यांची खरेदीही झाली. मी फोन केला की बाई डबे भरत असायच्या किंवा इराला बसस्टॉपवरून आणायला निघालेल्या असायच्या. "येईन रे. त्यांच्या सवडीनं." बाईंना एकट्यांनाच विमानात बसवून द्या म्हणालो, तर प्राचीवहिनी, म्हणजे दादाची बायको, हसल्या.

शेवटी राहिला बाईंच्या तब्येतीचा मुद्दा. "तुझ्या गावाची उंची बघितलीस का? आईला बीपी आहे," दादा म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टरांना विचार. डॉक्टर म्हणाले, हळूहळू चढा, भरपूर पाणी प्या, जाऊ दे त्यांना. मी दादाला पुन्हा पुन्हा सांगितलं, पहिली रात्र खाली डेन्व्हरमध्ये काढा, शरीराला सवय होऊ दे. "अरे वीकेंड दोन दिवसांचा असतो. विमानतळावरून डायरेक्ट ड्राइव्ह करू. आईसाठी ऑक्सिजनचा कॅन घेतलाय." बाईंचं परतीचं विमान त्याच्या पुढच्याच आठवड्यात होतं. मी वाद थांबवला.

सप्टेंबरातल्या शनिवारी दुपारी दादा आणि बाई दोघंच आले. वहिनी आणि इरा मागे राहिल्या. बाईंनी पांढरे स्पोर्ट शूज आणि साडीवर इराचं जांभळं जॅकेट घातलं होतं. दादा गाडीतून उतरताच आईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायला गेला. "ठेव ते खिशात," बाई म्हणाल्या. "दरी कुठंय?"

दरी सगळीकडेच होती, पण गावातून ती दिसत नाही. घरं, हॉटेलं आणि झाडं मध्ये येतात. तिचा खरा आकार बघायचा तर पाळण्यानं वर जायला हवं, आणि त्या दुपारी वर ढगांचा गडगडाट सुरू झाला म्हणून पाळणे बंद केलेले. उद्या सकाळी उघडतील म्हणाले. मग मी बाईंना मुख्य रस्त्यानं हिंडवत गावाचा इतिहास सांगितला. दादा मागून कपाळ चोळत येत होता.

आधी इथं युट आदिवासी उन्हाळ्यात शिकारीला यायचे. मग डोंगरात चांदी सापडली आणि त्यांना हाकलून देण्यात आलं. खाणी आल्या, बँक आली, नाटकघर आलं. मग चांदीचा भाव पडला आणि गाव रिकामं झालं. काही घरं बरीच वर्षं रिकामीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, बर्फातल्या लढाईचं शिक्षण घेतलेले काही सैनिक या डोंगरांकडे परत आले, त्यांनी लाकडी खांबांवर दोर बांधून पहिले पाळणे चालवले, आणि ज्या बर्फाला कंटाळून माणसं पळाली होती त्याच बर्फासाठी माणसं यायला लागली. बँकेच्या इमारतीत आता स्कीचे कपडे मिळतात.

बाईंनी सगळं नीट ऐकलं. एका ओळीत उभ्या मोठमोठ्या घरांकडे बघून विचारलं, "इथं दिवे का नाहीत?"

"मालक वर्षातून दोन आठवडे येतात."

"आणि तू?"

"मी भाड्यानं. दुकानाच्या वर."

"म्हणजे गाव तुम्ही चालवायचं आणि घरं त्यांची," बाई म्हणाल्या. "चांदीच्या वेळीही असंच असणार."

सकाळी पाळणा दहाला सुटणार होता. बाई आठलाच बूट घालून बसल्या. आणि दादा उठेना. डोकं फुटतंय म्हणाला, दोनदा उलटी झाली. त्याचंच यंत्र त्याच्याच बोटाला लावलं तर आकडा बघून तो आणखी घाबरला. बाईंचा आकडा छान होता. त्यांनी रात्रभर तांब्याभर पाणी उशाशी ठेवून पिलं होतं. दादानं घाटात फक्त कॉफी घेतलेली.

अशा वेळी खाली उतरणं हाच उपाय असतो, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "बाई, दादा इथं पडून राहील. मी शेजाऱ्यांना बसवतो. आपण वर जाऊन तासाभरात येऊ." बाईंनी एकदा पाळण्याच्या खांबांकडे पाहिलं. मग त्या बूट न काढताच खोलीत गेल्या आणि दादाची बॅग भरायला लागल्या.

गाडी मी चालवली. दादा मागच्या सीटवर आडवा, डोकं बाईंच्या मांडीवर. आईसाठी आणलेला ऑक्सिजनचा कॅन आई त्याच्या नाकाशी धरून होती. आणि तो रस्ता! गाव सुटताच दरी उघडते. तिच्यासाठी बाई पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून आल्या होत्या आणि ती खिडकीतून मैलोन् मैल धावत होती. मी म्हणालो, "बाई, उजवीकडे बघा." "हो, बघतेय," बाई म्हणाल्या. आरशात दिसत होतं, त्या दादाच्या कपाळावरचा ओला रुमाल पालटत होत्या. मी वळणावर गाडी हळू केली. "बाई, डावीकडे. फक्त एकदा." "हो रे. याला वळणं सोसत नाहीयेत, तू चल." चाळिशीचा मुलगा कण्हत होता, "आई, अजून किती?" आणि मी स्टिअरिंगवर हात आवळून बसलो होतो. त्याच्यावर चिडावं तर तो आजारी, बाईंवर चिडावं तर त्या बाई.

डोंगर संपले, डेन्व्हर मागं पडलं, विमानतळाचा रस्ता लागला. दादा उठून बसला आणि म्हणाला, "भूक लागलीय." तेव्हा बाईंनी पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलं. सगळीकडे सपाट, वाळलेलं गवत, लांबवर एक रस्ता.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे तर आपल्या सेलूसारखंच."

ती रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढून दुसऱ्या दिवशी ते पार्सिपनीला गेले आणि त्या आठवड्यात बाई सेलूला. पुढच्या रविवारी मी त्याच रस्त्यानं एकटा निघालो आणि प्रत्येक वळणावर थांबलो. या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेलोय, कोथिंबिरीसाठी, पाहुण्यांसाठी. थांबलो कधीच नव्हतो. घरी येऊन बाईंना पत्र लिहिलं. फोनवर त्यांनी "बरं, बरं, अमोल कसा आहे?" केलं असतं, म्हणून पत्र. ते असं:

ती. बाईंना सादर नमस्कार.

तुम्ही अमोलदादाच्या कपाळावरचा रुमाल पहिल्यांदा पालटलात, तेव्हा उजव्या हाताला दरी सुरू झाली. तळ इतका रुंद आहे की नदी त्यात हरवल्यासारखी वाटते. तिनं ही दरी केलेली नाही हे बघताक्षणी कळतं. दोन्ही बाजूंच्या भिंती उभ्या आहेत आणि तळाशी वळून सपाट होतात. आकार बरोबर आहे, बाई. तुम्ही शिकवलात तसाच.

मी "डावीकडे बघा" म्हणालो तिथं उंचावर एक लहान दरी मोठ्या दरीत न उतरता मध्येच तुटली आहे आणि तिच्या तोंडातून धबधबा पडतो. पुस्तकात त्याला लोंबती दरी म्हणतात. चित्रात ती लहान वाटते. इथं मान मागं टाकावी लागते. शेजारच्या खडकावर लांब, सरळ ओरखडे आहेत. बर्फात अडकलेल्या दगडांनी ते काढलेत. मी त्यांवरून हात फिरवला. गार आणि गुळगुळीत लागतात, आणि बोट ओरखड्यात बसतं.

दादानं "अजून किती" विचारलं तिथं रस्त्याच्या आडवी एक टेकडी आहे, गोटे, माती, सगळं एकत्र ढिगासारखं. हिमनदी आणू शकली तेवढं तिनं इथं टाकलं आणि ती संपली. तिच्या पुढं दरी एकदम अरुंद होते. व्ही. तिथून खाली सगळं नदीचं काम. ही जागा अमुकच आहे असं बोट ठेवून दाखवता येतं, हे मला माहीत नव्हतं. मी तिथं बराच वेळ बसलो.

बाई, मी त्या दिवशी फार चिडलो होतो. अजूनही थोडा आहे. इथं मला लोक विचारतात, तुझं गाव कोणतं, आणि मी सेलू सांगतो, मग सेलू कुठं ते सांगत बसतो. या दरीला मी कधी माझी म्हटलं नव्हतं. भाड्यानं राहणाऱ्यानं काय म्हणायचं? पण तुम्हाला ती दाखवता आली नाही याचं मला इतकं लागलं, तेव्हा कळलं की ती माझीही झालीय. परक्याच्या घरून पाहुणा उपाशी गेला तर आपल्याला लागत नाही.

आई म्हणाली, तुम्ही शाळेत जाऊन मुलांना अमेरिकेबद्दल सांगणार आहात. विमानतळाजवळचं सपाट रान सांगितलंत तरी हरकत नाही. पण दरी सांगू नका. ती बघून सांगायची आहे.

पुढच्या सप्टेंबरात या. डेन्व्हरला दोन दिवस राहू, मग हळूहळू चढू, पाणी पीत. दादालाही आणा, तो तुम्हाला एकट्यांना सोडणार नाही. त्याच्यासाठी मी खाली हॉटेल बघून ठेवतो. तिथं त्याला जेवायला मिळेल आणि डोकंही दुखणार नाही. आपण दोघं वर जाऊ.

तुमचा विद्यार्थी,
संतोष