आजीचे दुसरे हात

पोर्तुगालमधल्या सेतूबाल गावात गाडी शिकायची तर बेल्मीरो क्वारेज्माकडे आणि रडायचं तरी त्याच्याचकडे, असं तिथली पोरं म्हणायची. तो ओरडायचा नाही. शेजारी बसून, हात मांडीवर ठेवून, हळू आवाजात विचारायचा, "आरसा बघितलास?"

"बघितला."

"नाही बघितलास. डोळे फिरले, मान फिरली नाही. पुन्हा."

संध्याकाळी घरी आल्यावर तरी ही नजर मिटावी, तर तसं नव्हतं. जेवणानंतर बायको ग्रासिएत मालिका बघायला बसायची आणि हा तिच्या शेजारी. नायिका नवऱ्याला सोडून निघालीय, ग्रासिएतच्या डोळ्यांत पाणी आलंय, आणि बेल्मीरो रिमोट उचलून चित्र मागे नेतोय.

"बघ बघ, दारातून निघाली तेव्हा गळ्यात रुमाल होता. जिन्यात नाही. कुठं गेला?"

"बेल्मीरो, ती बिचारी घर सोडतेय!"

"सोडू दे की. पण रुमाल घेऊन सोड म्हणावं."

ग्रासिएत उशी फेकून मारायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या कॅफेत हाच रुमाल सगळ्यांना हसवायचा. ऐतिहासिक मालिकेतल्या सरदाराच्या दंडावर लशीचा वण, मेलेल्या पाद्रीबाबांचं हलणारं पोट, भरलेला-रिकामा-पुन्हा भरलेला वाइनचा ग्लास. बेल्मीरोच्या तावडीतून काही सुटत नसे. पुढे त्यानं फेसबुकवर आपल्या चुका टाकायला सुरुवात केली. आपल्या म्हणजे दुसऱ्यांच्या. देशभरातले लोक वाचायला लागले. पन्नाशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी लोक ‘उस्ताद’ म्हणू लागले, आणि ते त्याला फार आवडलं.

त्याच्या बहिणीची, ओदेतची मुलगी इरेन लिस्बनला होती. तिला एका मोठ्या मालिकेवर काम मिळालं. कामही काय, तर चित्रीकरणाच्या एका तुकड्यात कप डाव्या हातात असेल तर पुढच्या तुकड्यातही तो डाव्याच हातात आहे ना, बटण उघडं होतं तर उघडंच आहे ना, हे सांभाळायचं. म्हणजे मामा घरी बसून जे पकडतो, ते घडूच नये म्हणून भाची तिकडे दिवसभर उभी. बेल्मीरोला कोण अभिमान! कॅफेत त्यानं सगळ्यांना सांगितलं, की पोरीला डोळे माझे मिळालेत.

मालिका एका बेकरीची होती. बेकरीची मालकीण सेवेरिना आजी हे तिचं मुख्य पात्र, आणि ते काम करत होत्या लिओनिल्द वाश्केश. नाटकातल्या जुन्या, जाणत्या नटी. ग्रासिएतच्या आईनंही त्यांची नाटकं पाहिलेली. या आजी पीठ मळता मळता सगळ्या गावाची भांडणं सोडवत, आणि तेवढा वेळ अख्खा देश गप्प बसून ऐके.

पहिले काही महिने बेल्मीरोनं भाचीच्या मालिकेला हात लावला नाही. मग रविवारच्या जेवणाला इरेन आली की एखादा चिमटा काढू लागला. "काय गं, परवा पोस्टमनच्या पिशवीचा पट्टा खांदा बदलून आला. झोपली होतीस का?" इरेन हसायची. "मामा, त्या दिवशी बारा तास उभी होते रे. एक खांदा माफ कर."

हिवाळा सरता सरता त्याला ते दिसलं. आजी आता पीठ मळायची तेव्हा नुसते हात दिसत, किंवा नुसता चेहरा. दोन्ही एकत्र कधीच नाही. चेहरा दिसे तेव्हा हात ओट्याच्या खाली, नाहीतर एप्रनच्या खिशात. आणि हात दिसत ते आजीचे नव्हतेच! पीठ लावून, सुरकुत्या रंगवून म्हातारे केलेले, पण कातडी ताणलेली, मनगट बारीक. बेल्मीरोनं चित्र मागे-पुढे, मागे-पुढे नेलं. इतका आनंद त्याला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

रविवारी ओदेतकडे तळलेले माकूळ होते. पानं वाढून होईपर्यंतही त्याला धीर धरवला नाही.

"इरेन, तुमच्या आजीला दुसरे हात फुटलेत, माहितेय का?"

इरेनचा हात भाताच्या भांड्यावर तसाच राहिला.

"कुणाला सांगितलंस?"

"अजून कुणाला नाही. उद्या टाकतो. धमाल उडणार बघ."

"नको, मामा. हे नको टाकूस."

"का? तुझ्यावर येईल म्हणून? अगं, तुझं नावसुद्धा घेणार नाही."

"माझ्यावर येऊ दे हवं तर. माझीच चूक समज. पण हे नको. का ते मला सांगता येत नाही. मी शब्द दिलाय."

"अरे बापरे, शब्द दिलाय!" बेल्मीरो ओदेतकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला. "सरकारी गुपित आहे वाटतं."

ओदेतही हसली. इरेन हसली नाही. तिनं मामाच्या मनगटावर हात ठेवला. "मामा, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय का?"

"बरं बाई," तो म्हणाला, "नाही लिहीत."

आणि त्यानं लिहिलं नाही. पण पुढच्याच आठवड्यात टीव्हीवरच्या एका सकाळच्या कार्यक्रमातून फोन आला. स्वयंपाक, भविष्य, रडक्या गोष्टी आणि गाणी असा सगळा मसाला असलेला कार्यक्रम. निम्मा देश तो इस्त्री करता करता बघतो. त्यांना ‘चुका पकडणारा उस्ताद’ हवा होता. "काहीतरी दणकेबाज आणा हं, सेन्योर बेल्मीरो," फोनवरची मुलगी म्हणाली. लिहिणार नाही असं मी म्हणालो होतो, बोलणार नाही असं कुठं म्हणालो होतो, हा विचार त्यानं खरोखरच केला. एका कारखान्यासमोर गाडी थांबवून, शेजारी शिकाऊ मुलगी बसलेली असताना, मनातल्या मनात दोनदा केला. दुसऱ्यांदा केला तेव्हा तो पटण्यासारखा वाटला.

ग्रासिएतनं त्याचा निळा कोट इस्त्री करून दिला. सरदाराचा वण झाला, पाद्रीबाबांचं पोट झालं, प्रेक्षक हसले, पण पोट धरून नाही. निवेदकानं घड्याळाकडे बघितलेलं बेल्मीरोला दिसलं. मग त्यानं आजीच्या हातांचा विषय काढला. पडद्यावर एका बाजूला जुने हात, दुसऱ्या बाजूला नवे. "आजीबाईंना पीठ मळायचा कंटाळा आलाय," तो म्हणाला, "म्हणून हात भाड्यानं आणलेत!" टाळ्या पडल्या. त्याला आणखी चढलं. तो उठून उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे लपवून, तोंड वाकडं करून आजीची नक्कल करू लागला. निवेदिकेनं हसून हसून डोळे पुसले. तोही हसत होता. स्वतःचं ते हसणं त्यानं पुढे अनेकदा पाहिलं, कारण तो तुकडा लोक एकमेकांना पाठवत राहिले.

आठवडाभरात एका साप्ताहिकानं हात का बदलले याचा शोध लावला. मुखपृष्ठावर फोटो होता. लिओनिल्दबाई दवाखान्याच्या पायऱ्या उतरतायत, उजवा हात थरथरू नये म्हणून पर्सखाली छातीशी दाबून धरलाय, आणि पाय घसरेल की काय म्हणून मान खाली. कंपवात. वर्षभर त्यांनी तो लपवला होता, आणि कॅमेरावाल्यांपासून चहा देणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी मिळून लपवायला मदत केली होती.

बेल्मीरो किराणा दुकानाच्या बाहेर ते साप्ताहिक हातात धरून उभा राहिला. दुकानदार आतून म्हणाला, "तुम्हीच पहिल्यांदा पकडलंत! काय डोळा आहे, राव!"

इरेनचा फोन संध्याकाळी आला.

"मामा, ते हात माझे होते."

त्याला आधी कळलंच नाही.

"दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही म्हणून मीच करत होते. तू पन्नास वेळा मागे-पुढे केलंस, सगळ्या देशाला दाखवलंस. तुला ओळखता आले नाहीत?"

"इरेन, मला खरंच माहीत नव्हतं गं, की त्या आजारी..."

तिनं फोन ठेवला होता.

मला माहीत नव्हतं, हे एकच वाक्य त्याच्यापाशी उरलं. ग्रासिएतला तेच, ओदेतला तेच, कॅफेत तेच. लोक म्हणायचे, अहो, तुम्हाला कसं माहीत असणार, तुमचा काय दोष. ग्रासिएत मात्र ताटं धुवायची. एकदा पाठमोरीच म्हणाली, "जाऊन भेट त्यांना."

त्यानं आझेताँव गावच्या प्रसिद्ध गोड केकच्या गुंडाळ्यांचा डबा घेतला आणि लिस्बनला गेला. पत्ता इरेननं दिला नाही; नाटकवाल्यांच्या संघटनेत विचारून मिळवला. जिना चढताना त्यानं वाक्यं जुळवून ठेवली होती. दार लिओनिल्दबाईंनी स्वतःच उघडलं. पडद्यावर दिसायच्या त्याहून उंच होत्या.

"ओळखलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "कोट तोच आहे."

खरंच तोच निळा कोट होता. चांगला म्हणून त्याच्याकडे तो एकच होता.

त्यांनी त्याला बसवलं आणि कॉफी ओतायला घेतली. किटलीचं तोंड कपाच्या काठावर टकटक आपटू लागलं. कॉफी बशीत गेली, टेबलावर गेली. बेल्मीरो मदतीला अर्धवट उठला.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि बघायचं तर सरळ बघा. तोंड फिरवलंत तर मला जास्त राग येईल."

तो बसला, आणि त्यानं बघितलं. दोन कप भरेपर्यंत बघत राहिला. ते फार लांबलं.

"शेवटच्या भागात मी मरणार होते," त्या म्हणाल्या. "बेकरीत, पहाटे, पहिला पाव भट्टीतून निघताना. लेखकाकडून भांडून मिळवलं होतं. आता मला ब्राझीलला पाठवलंय, मुलाकडे. तो मुलगा दहा भागांत एकदा फोन करतो, आणि सेवेरिना त्याच्याकडे जाऊन राहील म्हणे! मूर्ख कुठले."

बेल्मीरोला हसावं की नाही कळेना. जिन्यात जुळवलेली वाक्यं सापडेनात. सापडलं ते एकच.

"लिओनिल्दबाई, मला माहीत नव्हतं."

"ते खरं आहे. तुम्हाला कसं माहीत असणार?" त्यांनी कप त्याच्यापुढे सरकवला. "पण ती पोरगी नको म्हणाली होती, ते तर माहीत होतं ना?"

बेल्मीरो कपाचा कान धरून कप बशीत फिरवत राहिला.

"मी तिला म्हटलं होतं," त्या सांगू लागल्या, "मामाला खरं सांगून टाक, भला माणूस असेल तर गप्प बसेल. ती म्हणाली, नको, तुमचं आजारपण कुणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय. आणि मामाला मी नुसतं नको म्हटलं तरी पुरेल."

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. त्या दमलेल्या होत्या, इतकंच. थोड्या वेळानं त्यांनी डबा उघडायला सांगितला, एक गुंडाळी घेतली, ती ओठांपर्यंत नेताना साखर मांडीभर सांडली. "चांगल्या आहेत," म्हणाल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

फेसबुकवरचं सगळं त्यानं पुसून टाकलं. लोकांनी कारण विचारलं, त्यानं सांगितलं नाही. गाडी शिकवणं चालू राहिलं. मालिका तो आता बघत नाही. ग्रासिएत टीव्ही लावते तेव्हा स्वयंपाकघरात काहीबाही आवरत बसतो. तिला ते आवडत नाही, पण ये म्हणून हाकही मारत नाही.

इरेन पोर्तोला दुसऱ्या मालिकेवर गेली. ईस्टरला ओदेतकडे आली तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली, मामाशी हवापाण्याचं बोलली, तुटक नाही आणि जवळचंही नाही. बेल्मीरोनं पहिल्यांदा तिच्या हातांकडे नीट बघितलं. ते तिच्या लक्षात आलं. तिनं हात मांडीवर घेतले. जेवण संपेपर्यंत तो ताटातच बघत राहिला.

टीव्हीवरचा तो तुकडा मात्र अजून फिरतो. मासळीबाजारात, पेट्रोल पंपावर कुणीतरी ओळखतंच. सुरुवातीला तो सरळ खोटं बोलायचा, की तो मी नव्हे, माझ्यासारखा दिसतो. मग त्याचीही लाज वाटू लागली.

परवा मासळीवालीनं हाक मारली. "अहो, आजीचे हात पकडणारे ते तुम्हीच ना? काय हसलो होतो आम्ही घरात! माझा नवरा अजून तुमची नक्कल करतो."

"हो, मीच तो," बेल्मीरो म्हणाला. "करायला नको होतं मी ते. मला करू नको म्हणून सांगितलेलं होतं."

बाजूची दोन गिऱ्हाइकं वळून त्याच्याकडे बघू लागली. मासळीवालीनं सुरी पुसली, मग विचारलं, "तारल्या साफ करून देऊ, की तशाच नेता?"

"तशाच द्या," तो म्हणाला.