परतीच्या तिकिटाची ओळ

परदेशी शिकायला जायचं ठरलं की घरात कागद साठतात, असं सगळे सांगतात. किस्से साठतात हे कुणी सांगत नाही. कागदांना निदान फाइल असते. किस्से नुसते डोक्यात पडून राहतात आणि भलत्याच वेळी, भाजी निवडताना नाहीतर सिग्नलला उभं असताना, एकदम वर येतात. त्यात मी मुळातच दचकणारी. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातलं खाली पडतं. म्हणून म्हटलं, आठवतायत तोवर सांगून टाकावेत.

आमचा जर्मनचा क्लास थेरगावात, डांगे चौकाच्या जरा अलीकडे. खाली मोबाईल कव्हरचं दुकान, वर आम्ही. बॅचमध्ये पोरं पुष्कळ आहेत, पण माझ्या किश्श्यांना तिघं पुरतात. मी थेरगावचीच, प्राजक्ता चिंचवडची, आणि ओंकार. शिकवायला दीक्षित मॅडम. त्या व्याकरणही शिकवतात आणि तिकडच्या खर्चाचं बजेटही करून देतात. दोन्हींत चूक झाली की सारख्याच ओरडतात.

आणि माझे पप्पा. ते महाळुंग्याच्या एका कंपनीत टूलरूमला आहेत. मूळचे लातूरकडचे. इकडं येऊन जन्म गेला, तरी घाईत असले की तिकडचं बोलणं बाहेर येतं. मागच्या दिवाळीच्या आधी त्यांच्या हृदयात स्टेंट टाकली. म्हणजे मी जायचं, ते हे मागं ठेवून. पुढचं सगळं ह्याच्याभोवतीच फिरतं, म्हणून आधी सांगितलं.

*

पालकसभा होती. जर्मनीचा नियम असा की वर्षभर राहण्याखाण्याचे पैसे आधीच एका खात्यात भरायचे. ते खातं बंद. तिकडं पोचल्यावर त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम सुटणार.

मॅडमनी हे समजावून सांगितल्यावर प्राजक्ताचे बाबा म्हणाले, "म्हणजे पैसे आमचे आणि पगार ते देणार!"

सगळे हसले. त्या दिवशीचं हसणं तेवढंच.

मग मॅडमनी भिंतीवर बजेट दाखवलं. खोलीचं भाडं, आरोग्यविमा, जेवण, फोन, थंडीचे कपडे. सगळ्यात खाली एक ओळ होती. आकस्मिक : परतीचं तिकीट.

"आकस्मिक म्हणजे?" परत प्राजक्ताचे बाबा.

"म्हणजे... घरी अचानक काही निघालं तर."

"काही म्हणजे? साखरपुडा वगैरे?"

"साखरपुडा अचानक निघत नाही हो," मॅडम म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

मागच्या रांगेतून पप्पांचा आवाज आला, "मयत."

माझ्या मांडीवरची बाटली पडली ती घरंगळत थेट मॅडमच्या पायापाशी गेली. बराच वेळ ती उचलायला कुणी वाकलं नाही.

चहाच्या वेळी पप्पांनी सगळ्यांचे नंबर घेतले आणि व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव दिलं 'जर्मनी पालक'. मीही त्यात आहे, कारण पप्पांना त्यात काही टाकायचं झालं की मी लागते.

*

टूलरूमचा एक कायदा आहे. डाय, म्हणजे पार्ट काढायचा साचा, कितीही झकास बनलेली असो, ट्रायल घेतल्याशिवाय ती लाइनवर चढत नाही. आधी थोडे पार्ट काढायचे, मोजायचे, मग ओके.

पप्पांनी हा कायदा घरी आणला.

पहिली ट्रायल बॅगेची. बॅगेत गहू-तांदूळ भरले, वजन केलं, आणि मला म्हणाले, "चल, जिन्यानं वर घेऊन ये."

"पप्पा, तिकडं लिफ्ट असते."

"लिफ्ट आहे ना? मग बंद पडणार!"

दुसरी ट्रायल जेवणाची. बजेटात जेवणाला जेवढे पैसे धरलेत, तेवढ्यात मी इथंच महिना काढून दाखवायचा. तिकडच्या दुकानांतले भाव प्राजक्तानं मोबाईलवर काढून दिले. मैत्रीण म्हणायची! आई दुकानदार झाली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायचे आणि ती जर्मनीच्या भावानं मला आमचेच कांदे विकायची.

"कोथिंबीर?"

"परवडत नाही तुला."

महिना संपायच्या आधी माझे पैसे संपले. पप्पा म्हणाले, "रिजेक्ट. परत पहिल्यापासून."

दुसऱ्या खेपेला माझा चेहरा बघून आईनं गुपचूप शेंगदाण्याचा लाडू हातावर ठेवला. पप्पा नेमके पाणी प्यायला आत आले.

"हे कुठल्या ओळीत धरलंय?"

"आईच्या," आई म्हणाली.

"ती ओळ तिकडं नाही."

लाडू माझ्या हातातच राहिला. आईनं तो परत डब्यात ठेवला आणि झाकण नीट बसत असूनही दोनदा दाबलं.

*

ओंकारचे वडील चाकणला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहेत. त्यांना लोन कोण देणार? म्हणून मामा पुढं आले. आपल्याकडं ही रीतच आहे, पैसे द्यायचे नसतात, दाखवायला द्यायचे असतात. मामांनी प्लॉट विकून आलेले पैसे ओंकारच्या वडिलांच्या खात्यात बसवले. बँकेनं बघावं, लोन पास करावं, मग मामांनी आपले पैसे परत न्यावेत.

तेव्हापासून मामांचा रोज सकाळी फोन. ओंकार उचलायचा.

"आहेत ना?"

"आहेत मामा."

बस, एवढंच. कसा आहेस नाही, जेवलास का नाही.

मधेच ओंकारची गाडी काळेवाडी फाट्यावर घसरली. हात प्लास्टरमध्ये. मामांचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे त्याच्याजवळच होतो. स्पीकर चालू होता.

"पडलास म्हणे? खर्च किती आला?"

"वडिलांनी भरला मामा."

"कुठल्या खात्यातून?"

आम्ही हसून हसून लोळलो. ओंकारसुद्धा, एक हात धरून.

मग मामांच्या मुलीचं लग्न ठरलं. लोन अजून पास व्हायचं होतं. त्याआधी पैसे परत गेले आणि बँकेनं ओंकारची फाइल बाजूला ठेवली. आता तो चाकणलाच ट्रेनी आहे. तरी क्लासला येतो. शिफ्ट सुटली की कंपनीच्या शर्टातच येऊन मागच्या बाकावर बसतो.

"अरे ओंकार, तू आता कशाला दगदग करतोस?" मॅडमनी एकदा विचारलं.

"फी परत मिळत नाही ना मॅडम."

परवाच्या परीक्षेत तो पहिला आला. मॅडमनी पेपर त्याच्या हातात दिला, पण त्याच्याकडं बघितलं नाही.

*

माझ्या लोनसाठी फ्लॅट तारण ठेवायला पप्पा आणि मी चिंचवडला बँकेत गेलो. समोर माझ्याच वयाचा एक मुलगा, टाय लावलेला, फार गोड बोलणारा.

"सर, लोनला विमा जोडून घ्या. म्हणजे देव न करो, तुम्हाला काही झालं तर मुलीवर बोजा नको."

"बरोबर आहे," पप्पा म्हणाले. "जोडा."

त्यानं एकेक विचारायला सुरुवात केली. शुगर? नाही. बीपी? आहे. हृदयाचं काही? पप्पांनी स्टेंटचं सांगितलं. खोटं बोलायचं त्यांच्या मनात आलं असेल का, मला माहीत नाही. माझ्या मात्र आलं होतं.

मुलगा उठून केबिनमध्ये गेला. बराच वेळ आला नाही. आला तो आणखीच गोड होऊन.

"सर, फ्लॅट कव्हर होतोय. ह्या मॅडम पण कव्हर होतायत."

"आणि मी?"

"तुम्ही सोडून सगळं होतंय सर!"

जिना उतरताना पप्पा म्हणाले, "म्हणजे घरात मीच तेवढी उघडी वायर!"

घरी येताना मी स्कूटरवर मागं बसले होते. त्यांची पाठ हलत होती. हसतायत की काय, ते मागून कळत नाही.

*

आणि मग युरो चढला. खोलीचं भाडंही मॅडमच्या अंदाजाच्या वर गेलं. बजेट काही केल्या बसेना. पप्पांनी कंपनीतून लाल मार्कर आणला होता, खराब पार्टवर फुली मारायचा. जेवायच्या टेबलावर कागद पसरला, चष्मा लावला आणि सगळ्यात खालच्या ओळीवर तो मार्कर ओढला.

"पप्पा, ती नका कापू."

"मग काय कापू? विमा? जेवण?"

"मग मी जात नाही."

"तू नाही गेलीस तर मला काही होणार नाही का?"

मी मार्करचं टोपण शोधायला लागले. मी गप्प बसले की त्यांना वाटतं मला पटलं नाही. म्हणून त्यांनी आणखी समजावून सांगितलं.

"हे बघ बाळा. खबर मिळणार, तू तिकीट काढणार, विमान बदलत बदलत येणार. तोवर मला बर्फावर ठेवायचं. त्याचं भाडं कुठल्या ओळीत धरायलीस?"

"अहो, गप बसा!" आई आतून ओरडली. एवढ्या मोठ्यानं आई कधी ओरडत नाही. मी दचकले ते नेहमीचंच, पण पप्पाही दचकले. मार्कर हातातून सुटला आणि कागदभर लाल रेघ गेली.

मग ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "बघायचंच असतं ना शेवटी? व्हिडिओवर बघ."

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर मी मॅडमना गाठलं. "मॅडम, ती ओळ कापता येत नाही असं सांगा ना पप्पांना. नियम आहे म्हणा."

मॅडम फळा पुसत होत्या. "सगळे तीच कापतात गं. मी दर बॅचला टाकते, दर बॅचला कापतात."

"मग टाकता कशाला?"

"मी गेले होते तेव्हा माझ्या बजेटात ती नव्हतीच."

मी पुढं विचारणार होते. पण त्यांनी डस्टर ठेवलं आणि मागं वळून म्हणाल्या, "ओंकार, जाताना पंखा बंद कर."

*

व्हिसा आला. तिकीट निघालं, एकाच बाजूचं. आईनं क्लासात पेढे वाटले. प्राजक्ताचंही झालं, तिनंही वाटले. बॅचमधल्या पोरांना कळेना, कुणाचे कुणासाठी.

त्याच आठवड्यात पप्पांच्या टूलरूममधले सावंत काका गेले. मशीनवरच बसल्यासारखे झाले आणि गेले. पप्पा शिफ्ट सुटल्यावर तसेच बसनं सगळ्यांबरोबर थेरगावच्या स्मशानात गेले.

मी घरी बॅग भरत होते. फोन वाजला. व्हिडिओ कॉल, पप्पांचा! पप्पा कधी व्हिडिओ कॉल करत नाहीत. माझ्या हातातून फोन स्वेटरांच्या ढिगात पडला, तो उपसून काढून मी कसाबसा उचलला.

स्क्रीनवर पप्पा. मागं पत्र्याची शेड, कंपनीच्या शर्टातले पंधरा-वीस लोक, आणि धूर.

"पप्पा! काय झालं? तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? दिसायलंय का?"

"काय?"

"सगळं दिसायलंय का, विचारायलोय."

"दिसतंय."

"आवाज?"

"येतोय. पप्पा, लोक बघतायत तुमच्याकडं."

"बघू दे. थांब, शेडच्या आत जातो."

चित्र अडकलं. पप्पांचा अर्धा चेहरा आणि अर्धा पत्रा. मग ते हललं, परत अडकलं, आणि पप्पा पुन्हा उजेडात आले.

"मधे गेलतं का?"

"गेलं होतं."

"हां," म्हणाले आणि फोन बंद केला.

आईनं बाहेरून विचारलं, "कुणाचा गं?"

"पप्पांचा. रेंज बघत होते."

"कुठली?"

मी बॅगेची चेन ओढायला लागले. ती अडकली होती.

संध्याकाळी पप्पा आले, बाहेरच पाय धुतले, आंघोळ केली, चहा घेतला. मग चष्मा लावून एका बोटानं बराच वेळ काहीतरी टाइप करत बसले. ह्या वेळी मला बोलावलं नाही. माझ्या फोनवर टिंग झालं. 'जर्मनी पालक' ग्रुपवर पप्पांचा मेसेज होता.

"आज थेरगावची ट्रायल घेतली. शेडखाली व्हिडिओ अडकतो. बाहेर बाकाजवळ, पाण्याच्या टाकीकडे तोंड करून धरला तर एकदम क्लिअर. सर्वांच्या माहितीसाठी."

मग एक अंगठा आला. मग आणखी एक. मग नमस्काराचे हात.

आणि शेवटी प्राजक्ताच्या बाबांचा मेसेज आला.

"धन्यवाद. चिंचवडचं कुणी बघितलंय का?"