आठ महिने स्टेशनवर

एक कादंबरी लिहायला मला सहा वर्षं लागली. पानं सावकाश वाढली, पण आमच्या नांदुऱ्याच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तिचे किस्से भराभर जमत गेले. आता ती पूर्ण झालीय, म्हणून सांगताना हसू येतं.

*

गणिताचे इंगळे सर दर सत्राच्या शेवटी विचारायचे, "मॅडम, पोर्शन किती झाला?"

"चार प्रकरणं."

पुढच्या सत्रात मी म्हणाले, "तीन."

"मागच्या टाइमाले तर चार होते."

"एक काढून टाकलं. खोटं वाटत होतं."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही लिहून राह्यल्या का वजाबाकी करून राह्यल्या?"

*

माझी नायिका कमल. तिचा नवरा घर सोडून जातो, तिथून गोष्ट सुरू होते. ह्यांनी पहिलं प्रकरण वाचलं आणि विचारलं, "तो काऊन गेला?"

"मलाच माहीत नाही. लिहिता लिहिता कळेल."

पुढचा महिनाभर आमच्या घरी दळण ह्यांनीच आणलं.

*

मग कमल पिशवी घेऊन स्टेशनवर आली आणि तिथेच अडकली. एकदा तिला भुसावळच्या गाडीत बसवलं, एकदा अकोल्याच्या. दोन्ही वेळा पानं फाडली. असे आठ महिने गेले. आमचे शिपाई सुभाषभाऊ रोज विचारायचे, "गेली काय ते बाई?"

"नाही हो."

एक दिवस ते वैतागले. "मंग तिले चहा तरी पाजा. कवापासून उभी करून ठेवली."

मी घरी जाऊन चहा पाजला. चहावाल्याने विचारलं, "कुठं चालल्या?" कमल म्हणाली, "कुठंच नाही. घरीच जातो आता."

हे ती बोलेल, हे मला एक ओळ आधीपर्यंत ठाऊक नव्हतं. ती घरी गेली, तिने डबे करून द्यायला सुरुवात केली, आणि पुढची पाच प्रकरणं मी तिच्यामागे धावत होते.

*

शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं. नवरा परत आणायचा की नाही, ते ठरेना. तशात बहिणीकडून परतताना दुसरबीडच्या स्टँडवर कादंबरीच्या वह्यांची पिशवी बाकावरच विसरले. दुसरी प्रत नव्हती. बसमधून फोन केला तशी बहीण धावत गेली, तोवर बाक रिकामा.

पाचव्या दिवशी फोन आला. स्टँडसमोर शिवणकाम करणाऱ्या सुनंदाताईंचा. वहीवर माझा नंबर होता.

दुपारी त्यांच्या दारात पोचले. वह्या हातात आल्या. उंबऱ्यावर बसून मी पानं मोजली. सगळी होती.

"फोन मुद्दाम उशिरा केला, रागावू नका," सुनंदाताई म्हणाल्या. "सासूबाई अंथरुणावर असतात. त्यांना रोज वाचून दाखवत होते. सरल्याशिवाय देऊ देईनात."

आतून म्हातारीने हाक मारली. मी जवळ गेले तशी तिने माझं मनगट धरलं.

"तिचा नवरा येणार हाय का वापस?"

"अजून ठरलं नाही, आजी."

"येऊ देऊ नको, माय," ती म्हणाली. "आत्ता कुठं ती पोटभर जेवू लागली."