कच्ची सही

माइक हातात आला की सर आधी त्यावर दोन टिचक्या मारत आणि विचारत, "मागच्यायला ऐकू येऊन राहिलं का?" मागून कोणीतरी हात वर करी. तेवढ्यानं सरांचं समाधान होत नसे. ते मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत चालत जात, तिथं बसलेल्या एखाद्या म्हातारीला वाकून विचारत, "व्हय का मावशी, येतंय का ऐकू?" ती मान हलवी, मग कार्यक्रम सुरू. आमदारसाहेब गाडीत खोळंबले तरी यात फरक पडत नसे.

असा माणूस तुमच्याही भागात असणार. आवाज चांगला, अक्षर चांगलं, स्वभाव त्याहून चांगला, आणि म्हणूनच सगळ्यांनी फुकटात वापरलेला. मी साहेबांच्या जनसंपर्क कार्यालयात टायपिस्ट आहे. वापरणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

सर डोंगरकडा गावाकडच्या एका तांड्यावरचे. तांड्यावरचे पहिले बी.एड. साहेबांच्या संस्थेच्या शाळेत ते नऊ वर्षं गणित शिकवत होते, बिनपगारी. शाळा विनाअनुदानित. सरकारचं अनुदान आलं की पगार सुरू होणार, तोवर 'सेवा'. हा शब्द साहेबांचा. सरांचं घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाले, आणि हळदीच्या दिवसांत दोघंही हळद शिजवायच्या कामाला जात. हातांना चढलेला पिवळा रंग महिनाभर जात नसे. त्याच हातांनी सर फळ्यावर समीकरणं लिहीत.

दर सोमवारी साहेबांचा 'संवाद' असे. गावोगावची माणसं येत. कोणाच्या पोराला नोकरी हवी, कोणाला रोजगार हमीचं काम, कोणी विचारी, आमच्या रस्त्याचा निधी कुठं गेला. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे अर्ज सर लिहून देत, आणि शेवटी प्रत्येकाला सांगत, "फिकर करू नका. साहेबायच्या ध्यानात हाय." संध्याकाळी त्या अर्जांचे मी तीन गठ्ठे करत असे. पहिला 'करू', दुसरा 'बघू', तिसरा 'नमस्कार'. पहिल्या गठ्ठ्यात साहेबांचे सोयरे असत. तिसऱ्यातल्यांना आम्ही दिवाळीला साहेबांच्या फोटोचं शुभेच्छापत्र पाठवत असू. सरांनी लिहिलेले बहुतेक अर्ज तिसऱ्या गठ्ठ्यात जात. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या शाळेत एक रीत होती. मान्यता न मिळालेल्या शिक्षकांनी हजेरीपटावर पेन्सिलीनं सही करायची. हेडमास्तर तिला 'कच्ची सही' म्हणत. मान्यता आली की त्यावर शाई फिरवायची, झाली पक्की. आठही शिक्षक तसंच करत आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मी एकदा सरांना म्हटलं, "सर, पेन्सिल खोडता येते हो."

सर हसले. "ताई, खोडून कोन ऱ्हायलं? आपलेच लोक हायेत. गणितात बी आधी कच्चं काम करावं लागते."

मला राग यायचा तो याच भाबडेपणाचा. आता कळतं, तो राग चुकीच्या माणसावर होता.

गेल्या वर्षी अनुदान मंजूर झालं. मान्यतेसाठी शिक्षणखात्याला यादी पाठवायची होती. संस्थेचं ऑफिस आणि साहेबांचं ऑफिस एकाच खोलीत, मधे फक्त एक कपाट, त्यामुळे टायपिंग माझ्याकडेच. साहेब चहा घेत नावं सांगत गेले. सात नावं ओळखीची. आठवं त्यांच्या मेहुण्याच्या मुलाचं. नेमणुकीची तारीख नऊ वर्षांपूर्वीची. तेव्हा हा पोरगा पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या क्लासला होता आणि त्यानं शाळेची पायरीही चढलेली नव्हती.

माझी बोटं थांबली. "साहेब, गणिताचे सर?"

"त्यांना समजावू. समजूतदार माणूस आहे," साहेब म्हणाले. "बाकीचे भांडतील."

समजून घ्या. आठांतला एक वगळायचा होता, आणि निवड झाली ती जो भांडणार नाही त्याची. चांगुलपणाची एवढी सरळ शिक्षा मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मी यादी टाइप केली. साहेबांची सही घेतली. लिफाफा बंद केला.

दोनच दिवसांनी रोजगार आणि विकासनिधीचा मोठा मेळावा होता. निवेदक अर्थात सर. साहेबांनी आणलेल्या निधीची यादी ते वाचत होते: अमुक रस्ता, तमुक सभागृह, स्मशानभूमीची शेड. शेवटी शाळेचं अनुदान आलं. सरांनी माइक बाजूला धरून घसा साफ केला, डोळे पुसले, आणि पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "नऊ वर्षांची तपश्चर्या फळाला आली! साहेबांसाठी टाळ्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी उभं राहून हात जोडले. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सर ऑफिसात पेढे घेऊन आले. पहिला पेढा माझ्यासमोर धरला. "ताई, तोंड गोड करा. यादी तुमीच टाइप केली म्हनतात. तुमचा हात लागला, बरं झालं."

तो पेढा मी खाल्ला. थुंकायला पाहिजे होता. त्यांना खुर्चीवर बसवून खरं सांगायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "छान आहेत. कुठून आणले?"

आठवड्याभरात हेडमास्तरांनी त्यांना बोलावून नवा हजेरीपट दाखवला. नऊ वर्षांचा, एका बैठकीत उतरवलेला, सगळा शाईनं. त्यात सरांचं नाव कुठंच नव्हतं. जुना पट सरांनी मागितला. त्यात त्यांच्या ओळी होत्या, पण सह्यांच्या जागी खोडरबर फिरून फिरून कागद पातळ झाला होता.

पुढच्या सोमवारी सर संवादाला आले ते माइक घ्यायला नाही. चिठ्ठी घेऊन रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आल्यावर साहेब पुढे झुकले. "अहो सर, तुम्ही तर आमच्या घरचे! रांगेत काहून?"

"साहेब, एकच विचारायचं हाय," सर म्हणाले. आवाज नेहमीसारखा स्वच्छ होता. "मी नऊ वर्सं तुमच्या शाळेत शिकवलं का न्हाई?"

साहेबांनी चष्मा काढला. "भावना समजते सर. पण शासन कागद मागतं. पुरावा काय आहे?"

सरांनी मागं वळून पाहिलं. त्या खोलीत त्यांचे विद्यार्थी होते, चांगले दहाबारा. कोणी साहेबांचे फोटो काढत होतं, कोणी नोकरीच्या चिठ्ठ्या घेऊन उभं होतं. प्रत्येकाला सरांनी पाढे शिकवले होते. एकही पुढे आला नाही. त्यांना तरी काय बोल लावू? प्रत्येकाचं काम साहेबांच्या टेबलावर होतं. माझी तर नोकरीच त्या टेबलावर होती. खोट्या तारखेच्या त्या यादीची प्रत माझ्या कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिले.

सरांनी वाद घातला नाही. "बराबर हाय," एवढंच म्हणाले, चिठ्ठीची घडी करून खिशात घातली आणि निघून गेले. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं?"

दोन महिन्यांनी मी डोंगरकड्याला एका लग्नाला गेले होते. रस्त्याकडेला केळ्यांचा ट्रक भरत होता. सर खांद्यावर घड घेऊन येत होते, शर्टावर चिकाचे काळे डाग. मला बघून त्यांनी घड खाली ठेवला आणि हात पुसले. मनात मी माफीची वाक्यं जुळवत होते. पण त्यांनीच आधी विचारलं.

"ताई, तो नवा पोरगा वर्गावर जातो का? सातवीचं अपूर्णांक अर्धं राहिलं व्हतं."

माफी मागायची ती वेळ होती. मी म्हणाले, "जातो ना सर. रोज जातो."

सर माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. वर्गात पोरानं चुकीचं उत्तर दिल्यावर बघावं तसे.

"माझी पुतनी त्याच वर्गात हाय, ताई," ते म्हणाले. "दोन महिने झाले, गनिताच्या तासाला कोनी आलं न्हाई. लेकरं नुसती बसून ऱ्हातात."

ट्रकवाल्यानं हाक मारली. सरांनी घड उचलला आणि गेले.

हे सगळं मी लिहिलं आहे. यादीची प्रत अजून माझ्या कपाटातच आहे, आणि नोकरी मी सोडलेली नाही.