विटांवरची गाडी

नऊ वर्षं मी लोकांना सांगत होतो, "समता डेपोत आहे. ऑफिसात." समोरच्यानं "क्लार्क का?" असं विचारलं, की मी मान अशी हलवायचो की त्यानं हो समजावं आणि माझ्या तोंडून हो निघालेलं नसावं. मी पंजाबराव, जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं काढलेला मास्तर. मास्तरला खोटं बोलता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तपासणीच्या दिवशी आमचे हजेरीपट पाहिलेले नाहीत.

खरं असं होतं की समता, माझी धाकटी, मेहकरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होती आणि आहे. बारावी झाल्यावर तिनं मला न विचारता आयटीआयला मोटार मेकॅनिकचा फॉर्म भरला. वर्गात एकोणीस मुलं आणि ही एक. पहिली आली. पेढे वाटताना मी गल्लीत कॉम्प्युटरचा कोर्स असं सांगितलं. माझ्या बापाचे हात जन्मभर दुसऱ्याच्या शेतात काळे झाले होते. माझ्या मुलीचे हात काळे होणार नाहीत, ती खुर्चीवर बसेल, हे मी ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं.

ती बोलते कमी. कोणतंही वाहन समोर आलं की हात लावायच्या आधी त्याभोवती एक चक्कर मारते, मग ती लेकुरवाळ्या शेजारणीची स्कूटी असो नाहीतर कोणाचा ट्रॅक्टर. गल्लीतले लोक बिघडलेली गाडी घेऊन दारात यायचे तेव्हा मी "हौस आहे पोरीला" म्हणून वेळ मारून न्यायचो. डेपोतले तिचे उस्ताद माणिकराव एकदा बसमध्ये भेटले. म्हणाले, "गुरुजी, तुमची पोरगी मोठी हट्टी. टेकू द्याच्या लोखंडी घोड्या लावल्याबिगर कोनाले बसखाली जाऊ देत नाही. मलेबी नाही." त्यांना वाटलं मी खूश होईन. मी मात्र आजूबाजूला कोणी ओळखीचं ऐकत तर नाही ना, हे पाहत होतो.

जानेवारीतल्या एका रविवारी रोहिणखेडचे रंगराव आमच्याकडे आले. त्यांची मुलगी प्राची आमच्या धम्मदीपला सांगून आली होती आणि दोघांची पसंती झाली होती. धम्मदीप माझा थोरला, पंचायत समितीत नोकरीला आहे. आज फक्त तारीख ठरायची होती. सोबत रंगरावांचा मुलगा धम्मरत्न होता. तो पुण्याला कंपनीत इंजिनिअर आहे आणि गाडी त्याचीच होती.

गाडी कसली, जमिनीला पोट लावून चालणारी घोरपड. पुण्यात त्यानं आखूड स्प्रिंगा टाकून ती मुद्दाम खाली बसवून घेतली होती. चाक आणि वरचा पत्रा यांच्यात बोट जाईना. पुण्याच्या रस्त्यावर ती शोभतही असेल. आमच्या गावात शिरताना जो गतिरोधक आहे तो बैलगाड्यांनाही चुकत नाही. त्यानं या गाडीच्या इंजिनाखालचं झाकण अर्धं उखडलं आणि ते रस्त्याला घासत, खरखर करत पाहुणे दारात आले. जय भीम झाला, पाणी झालं, पण धम्मरत्नचं लक्ष गाडीतच. पोराचा चेहरा पार उतरला होता.

होणाऱ्या मेव्हण्यासाठी आमच्या धम्मदीपनं लगेच बाह्या सरसावल्या. डिक्कीतला जॅक काढला. तो गाडीखाली जाईचना. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं, जॅक आडवा केला, तरी नाही. मग आपल्याकडे होतं तेच झालं. धम्मदीपनं गल्लीतून चार दांडगे गडी बोलावले. कंपाउंडच्या भिंतीतून उरलेल्या विटा पडून होत्या. चौघांनी हय्या करून गाडीचं तोंड उचललं आणि धम्मदीपनं दोन्ही बाजूंना तीन-तीन विटा सरकवल्या. अंगण मातीचं, नुकतंच सारवलेलं. मी रंगरावांशेजारी खुर्चीवर बसून हे सगळं पाहत होतो आणि वर "शाब्बास" म्हणालो. ते शाब्बास मला अजून टोचतं.

धम्मदीप पाठीवर झोपला आणि सरकत सरकत खांद्यापर्यंत गाडीखाली गेला.

तेवढ्यात समता पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आली. ताटल्या तिनं ओट्यावर ठेवल्या. गाडीभोवती चक्करही मारली नाही, हे मला नंतर आठवलं.

"दादा, बाहेर निघ."

"पाच मिनिटाचं काम हाय, समते."

"आधी बाहेर निघ. इटा हायेत त्या. त्याच्यावर गाडी ठेवून खाली जात नसतात."

रंगराव हसले. माणूस वाईट नाही, पण पाहुण्याच्या घरी मोकळेपणानं बोलायची त्यांना सवय. म्हणाले, "बाई, तुमी ऑफिसात बसणारे लोक. गाडीतलं तुमाले काय समजते? होऊ द्या त्याईचं."

गडी हसले. गाडीखालून धम्मदीपही हसला. त्याला सगळं ठाऊक होतं. आपली बहीण दिवसभर बसखाली असते हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? पण सासऱ्यासमोर घराचं खोटं त्यानंही धरून ठेवलं होतं, माझंच पाहून.

समतानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी रागावलो असतो, तो माझा स्वभाव आहे. पण ती फक्त थांबली होती. मी मेकॅनिक आहे, एवढे तीन शब्द ती बोलली असती तर काम झालं असतं. ते शब्द ती माझ्यासाठी गिळून उभी होती, कारण ते उच्चारले की तिचा बाप होणाऱ्या व्याह्यासमोर खोटा पडत होता. म्हणजे ज्या खोट्यानं मी तिची आणि घराची इज्जत वाढवली असं समजत होतो, त्यानंच तिच्या शब्दाची किंमत घालवली होती, आणि माझा मुलगा त्याच खोट्यापायी सहा विटांच्या भरवशावर पडून होता. सोयरीक मोडेल, हेही मनात आलं. अगदी तेव्हाही आलं, ते लपवत नाही.

मी उठलो. "धम्मदीप, बाहेर ये."

"बाबा..."

"बाहेर ये म्हणतो ना बे." मग मी रंगरावांकडे वळलो. "रंगरावजी, समता ऑफिसात नाही. डेपोत मेकॅनिक हाये. नऊ वर्स झाले. म्या तुमाले खोटं सांगतलं, अन् साऱ्या गावालेबी. आता ती म्हनते तसंच होईल."

धम्मदीप सरकत बाहेर आला आणि पाठीची माती झटकत उभा राहिला. समतानं चौघा गड्यांना पुन्हा गाडी धरायला लावली, विटा काढायला लावल्या आणि गाडी खाली टेकवली. डाव्या बाजूची मधली वीट दोन तुकड्यांत निघाली. धम्मदीपनं ते तुकडे हातात घेतले, जुळवून पाहिले आणि ठेवून दिले.

रंगराव माझ्याकडे पाहत होते. "गुरुजी, आनखी काय काय खोटं सांगतलं?"

दारातून माझी बायको चांगुणा म्हणाली, "पोराची उंची एक इंच वाढवून सांगतली. बाकी सारं खरं हाय." मग समताकडे वळून, "साडी बदलव आधी. नवी हाय ते."

समता आत जाऊन जुना पंजाबी ड्रेस घालून आली. आता मात्र तिनं गाडीभोवती चक्कर मारली. नंतरच्या अर्ध्या तासात मी जे पाहिलं, ते नऊ वर्षांत कधी पाहायला गेलो नव्हतो. गेलो असतो तर खोटं बोलायचं कारणच उरलं नसतं.

"मातीवर नाही," ती म्हणाली. "वरून कडक दिसते, पन वजन आलं का जॅक एका बाजूनं रुतते." तुरी वाळवायला आम्ही घरासमोर सिमेंटचा कोबा केलाय. तुरी गोळा केल्या आणि गाडी ढकलत तिकडे नेली. जुनं घर पाडलं तेव्हाच्या सागाच्या जाड फळ्या नि खांडाचे, म्हणजे चौकोनी तुळयांचे, तुकडे मी मागं रचून ठेवले आहेत. जळणाला फोडा म्हणून चांगुणा रोज ओरडते. समतानं त्यातले निवडून घेतले. पुढच्या दोन्ही चाकांसमोर तिनं फळ्या पायऱ्यांसारख्या मांडल्या, खालची लांब, वरची आखूड, आणि धम्मरत्नला गाडीत बसवलं.

"हळूच चढवा. म्या हात वर केला का थांबा."

पुण्याचा इंजिनिअर तिच्या हाताकडे पाहत इंच-इंच गाडी पुढं घेत होता. चाकं फळ्यांवर चढली आणि गाडीचं पोट जमिनीपासून सुटलं. हँडब्रेक ओढायला लावला, गाडी गिअरमध्ये टाकायला लावली, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड दिले. मगच तिनं जॅक मागितला. तो आता आरामात आत गेला.

"कुठीबी लावाचा नाही," ती धम्मदीपला जवळ बोलावून दाखवत होती. "ह्या कडेले दोन खुना असतात पाह्य. इथंच पत्रा जाड असते. दुसऱ्या जागी लावलं त पत्रा दबते अन् जॅक निसटते."

तिनं एक बाजू उचलली ती फार नाही, वीतभरही नाही. मग खांडाचे तुकडे दोन आडवे, त्यावर दोन उभे, त्यावर पुन्हा दोन आडवे असे रचले आणि जॅक हळूहळू उतरवला, गाडीचं वजन लाकडावर बसेपर्यंत. दुसऱ्या बाजूला तेच केलं. "जॅक उचलासाठी असते, धरासाठी नसते," ती म्हणाली. माणिकरावांनी शिकवलेलं वाक्य असावं ते, पण तिच्या तोंडी तिचंच वाटलं.

मग तिनं दोन्ही तळवे गाडीला लावून अंगाचा जोर देऊन गाडी हलवून पाहिली. बारीकशी कुरकूरही झाली नाही. चौघा गड्यांनाही हलवायला लावलं. गाडी ढिम्म. तेव्हा कुठं ती स्वतः खाली गेली. धम्मदीप म्हणाला, "मी जातो." ती म्हणाली, "तू पाना दे."

रंगराव खुर्चीवरून उठून कोब्यावर उकिडवे बसले होते. त्यांनी लाकडाच्या थप्पीला हात लावून पाहिला. "आमी बैलगाडीचं चाक काढू तवा माहा बाप असाच लाकडाचा टेकू दे," ते मला म्हणाले. "इटा-गोट्याले हात लावू देत नोयता. म्या इसरलोच होतो." मग थप्पीवरचा हात काढून, "गुरुजी, मेकॅनिक सांगतलं असतं त आमी काय नाही म्हटलं असतं का?"

"तुमी नसतं म्हटलं," मी म्हणालो. "मीच नाही म्हनत होतो."

झाकण बसवून समता बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर काळा पट्टा होता. धम्मरत्ननं तिला "ताई" म्हटलं आणि स्प्रिंगा बदलून गाडी वर घेऊ का, म्हणून सल्ला विचारला. तिनं सांगितलं, "घ्या, आमच्याकडं याचं असन त." लग्नाची तारीख त्यानंतर पाच मिनिटांत ठरली.

पाहुणे गेल्यावर तुरी पुन्हा पसरताना मी तिला विचारलं, "मी लोकायले ऑफिसात सांगतो, हे तुले माहीत होतं?"

"हाव. पह्यल्या महिन्यापासून."

"मंग बोलली काऊन नाही?"

"बोलून काय करू? तुमी खोटे पडले असते."

चांगुणा सुपातल्या तुरी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमाले काय वाटते, मेकॅनिकचे हात असे पांढरेफटक राह्यतात? डेपोत रॉकेलनं हात धुते, ब्रशनं नखं घासते, कपडे बदलते, अन् मंग बस धरते. त्याच्यापायी पाचची बस रोज हुकते तिची. साडेसहाच्या बसनं येते. तुमच्यापायी."

पाचची बस. गेली नऊ वर्षं मी तिला उशीर का होतो म्हणून एसटीला शिव्या देत होतो. मला खूप लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षाही मोठा अभिमान वाटला. मी एवढंच म्हणालो, "उद्या पाचच्या बसनं ये."

दुसऱ्या दिवशी पाचची बस यायच्या वेळेला मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. समता उतरली ती डेपोच्याच कपड्यांत, बाह्या दुमडलेल्या, बोटं काळी. मागच्या बोळानं घर जवळ, पण आम्ही मुद्दाम गावातून निघालो. पारावर चार-पाच जण बसले होते, त्यात आमचे जुने सरपंच अर्जुनराव. ते म्हणाले, "गुरुजी, पोरीले काय झालं? आज ऑफिसात काम नोयतं का?"

मी थांबलो आणि वर्गात काढायचो तो आवाज काढला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"ऑफिसात नाही अर्जुनराव, गाडीखाली असते ते. तुमी ज्या एसटीनं मेहकरले जाता ना, तिचे ब्रेक माही पोरगी पाह्यते."

"बाबा, हळू बोला," समता म्हणाली.

मी हळू बोललो नाही.