तो शेवट सुमेधाचा नव्हता

सुमेधा गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवर कळलं. आधी हात जोडलेल्या चित्रांची रांग, मग कुणाचा तरी प्रश्न, "नक्की गेलं कोण?" लग्नापासून अमेरिकेत राहून इंग्रजी कथा लिहिणारी माझी मैत्रीण दुसऱ्या दिवशी 'पुण्याची लेक' झाली. ती जिवंत असताना हेच लोक म्हणायचे, "इंग्रजीत लिहिते, मग आपली कुठली?" माझा संताप अजून उतरलेला नाही.

बिबवेवाडीत आमची घरं समोरासमोर होती. लग्नानंतर ती ओहायोला गेली. दिवसा ग्रंथालयातली नोकरी, पहाटे लेखन. पण कागदावर उतरवण्याआधी प्रत्येक गोष्ट ती मला फोनवर मराठीत सांगायची. मी भाजी निवडत हुंकार द्यायचे. मी जिथे गप्प होईन, तिथे ती गोष्ट मोडून पुन्हा रचायची. तिथले समीक्षक तिच्या इंग्रजीचं कौतुक करायचे तेव्हा मला हसू यायचं.

तिची सर्वांत लाडकी गोष्ट यमुनाबाईंची. नातवाला सांभाळायला अमेरिकेत मुलाकडे गेलेली ही विधवा तिथल्या बेकरीत कामाला लागते आणि मुलगा परतीचं तिकीट काढतो तेव्हा जायला नकार देते. सुमेधाची आईही तिकडे अशीच रमली होती. लोक काय म्हणतील म्हणून सुमेधाच्या भावांनी तिला परत आणलं. मग ती खिडकीशी बसून राहायची... आईला जे मिळालं नाही, ते लेकीने गोष्टीत दिलं. आणि मराठी अनुवादात काय छापलं? यमुनाबाई पुण्याला परत येते आणि तुळशीपुढे दिवा लावते! प्रकाशक सुमेधाला म्हणाले, "अहो ताई, आपल्या वाचकांना आई परत आलेलीच आवडते." मी भडकले. भांड म्हटलं, तर ही म्हणते, "जाऊ दे गं, निदान मराठीत तरी आलं." तिच्या या सोशिकपणाचाही मला राग येतो. आजही येतो.

परवा तिची शोकसभा झाली. एका वक्त्याने स्वतःच्याच अमेरिका दौऱ्याचं वर्णन केलं. मग एका बाईंनी तीच गोष्ट वाचली. दिवा लागला, लोकांनी डोळे पुसले. मी उभी राहिले.

"हा शेवट सुमेधाचा नाही."

"अहो, ही वेळ आहे का?" व्यासपीठावरून प्रकाशक म्हणाले.

"मग कुठली? ती असताना तुम्ही ऐकलंत का तिचं?"

मी जागेवरूनच खरा शेवट सांगितला, तिच्याकडून ऐकला होता तसाच. यमुनाबाई हाताचं पीठ पुसते, मुलापुढे चहा ठेवते आणि म्हणते, "तिकीट रद्द कर. उद्या पहाटे मला पाव भाजायचेत." मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "म्हणजे राहिली ती तिकडेच?"

"राहिली."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, आणि शेजारी बसलेल्या आपल्या मुलाकडे त्यांनी पाहिलंही नाही.